लेकरू आला

लग्न होऊन बिस्मिल्लाबी सावरखेडात आली, तेव्हा तिला मराठी मुळीच येत नव्हती असं नाही. एलिचपुरात, म्हणजे आताच्या अचलपुरात, तिच्या माहेरच्या मोहल्ल्यात बाजाराच्या दिवशी कुणब्यांच्या गाड्या सुटायच्या. त्यांचं बोलणं तिला कळायचं. पण कळणं वेगळं आणि तोंडानं बोलणं वेगळं. घरात दखनी, गल्लीत दखनी, शेजारणीशी भांडायचं तरी दखनीतच. मराठी बोलायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

सावरखेड अमरावतीपासून तीन कोसांवर. तिथं मुसलमानांची घरं चार, बाकी सारा गाव कुणब्या-माळ्यांचा. नवरा कुर्बान जातीचा पिंजारी. सकाळी पिंजण खांद्यावर टाकून तो गाद्या-रजयांच्या कामाला निघाला की घरात बोलायला फक्त एक शेळी उरायची. आणि तिच्याशी तरी कोणत्या बोलीत बोलावं हा प्रश्नच होता, कारण शेळी शेजारच्या गोदाबाईकडून आणलेली.

ही गोदाबाई बिस्मिल्लाबीहून दहा-बारा वर्षांनी मोठी. चार एकर काळी जमीन, तीन पोरं आणि चोवीस तास चालणारं तोंड. भिंतीला भिंत लागून घर. पहिल्या आठवड्यातच ती कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, "काहून व, एकटीच बसून राहिली? ये न अथी."

बिस्मिल्लाबीनं सारा धीर एकवटून उत्तर दिलं, "मी आती."

गोदाबाई पोट धरून हसली. "आती काय व? येतो म्हन, येतो."

"येतो?" बिस्मिल्लाबी बावचळली. "मरदासारखा?"

"मरद काय न बाई काय, आमी समदे येतोच म्हनतो."

वऱ्हाडातल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात ते फक्त स्वतःपुरतं, बाकी सगळीकडं 'आला' वेगळं आणि 'आली' वेगळं, हे तिला कोण सांगणार? तिनं आपल्या मनाशी गाठ बांधून टाकली की या बोलीत बाई-पुरुषाचं फारसं काही अडत नाही. जीभ जाईल तिकडं जाऊ द्यावी. पुढं त्या गाठीनं तिला चांगलंच गोत्यात आणलं. पण त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. म्हातारपणी ती सांगायची की परक्या गावात पहिल्यांदा मोकळं वाटलं ते त्या 'येतो'नं.

मग तिची मराठी सुटली, आणि सुटली ती आपल्या वाटेनं. जो शब्द घरच्या बोलीतला वाटे, तो घरच्यासारखाच चाले. कपास बाई, म्हणून 'कापूस चांगली'. आवाज बाई, म्हणून 'आवाज मोठी'. जो शब्द अगदीच नवा असेल त्याची शेपटी बघायची. शेवटी 'ई' आली तर बाई, बाकी सगळे पुरुष. मराठीत बाई नाही आणि पुरुषही नाही असा तिसरा एक गोतावळा आहे, हे तिच्या कानावरून रोज जात होतं, पण कानात शिरत नव्हतं. तिच्या तोंडी घर मोठा, शेत हिरवा, पाणी थंडा. गोदाबाई सुरुवातीला टोकायची. पुढं तिलाही त्या बोलण्याची सवय झाली.

बिस्मिल्लाबीचे हात मात्र तिच्या जिभेसारखे अडखळत नव्हते. तिची आई एलिचपुरातली नावाजलेली दाई. बारा वर्षांची असल्यापासून बिस्मिल्लाबी तिच्यामागं पाणी तापवत, कपडे धरत हिंडली होती. सावरखेडची म्हातारी सुईण वारली त्याच साली गोदाबाईला चौथ्यांदा दिवस गेले. मूल आडवं होतं. गावातल्या बायकांनी हात टेकले, तेव्हा पिंजाऱ्याच्या या नव्या सुनेनं बाह्या वर केल्या आणि दुपार कलायच्या आत मायलेकरं दोन्ही सुखरूप काढली. तेव्हापासून तिला आजूबाजूच्या पाच गावांतून बोलावणी यायला लागली. ती येऊन पोटावर नुसता हात ठेवायची, तरी अडलेली बाई शांत व्हायची, असं लोक म्हणत.

अशातच ते कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस सोन्यासारखा वाटायला लागला. काय दिवस होते ते! अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग दिवसभर तुटायची नाही. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असायचे, जणू झाडांना म्हातारपण आलं. ज्यांच्या घरी कालपर्यंत मडकी होती त्यांच्याकडे तांब्याचे हंडे आले. बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं आली, आणि एका हौशी माळ्यानं तर चांदीची करून घेतली. कुर्बानला गाद्यांच्या कामातून मान वर करायला सवड नव्हती. पिंजणीचा टणटण आवाज एका आळीतून थांबला की दुसऱ्या आळीत सुरू. पुढं कित्येक वर्षांनी, सारं ओसरल्यावर, बिस्मिल्लाबीला त्या दिवसांतलं सोनं-चांदी आठवायचं नाही. तिला आठवायची ती उन्हात तापलेल्या कापसाची ऊबदार, किंचित कडवट वास असलेली हवा, आणि त्या हवेत सगळ्यांचेच चढलेले आवाज.

गावचे पाटील खुशालराव. त्यांचा एकुलता मुलगा भगवंतराव, आणि सून जमुना अकोल्याकडची. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी जमुनेची कूस उजवली नव्हती. पाटलीणबाई, म्हणजे पार्वताबाई, नवस करून थकल्या होत्या. अखेर अठराशे चौसष्ट साली जमुनेला दिवस गेले. तिची आई मागंच वारलेली, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरीच करायचं ठरलं.

मार्गशीर्षाचे दिवस. वेचणी जोरात. भगवंतराव सहा गाड्या घेऊन पहाटेच अमरावतीला गेलेला. सकाळी जमुनेला कळा सुरू झाल्या. बिस्मिल्लाबी आली, आणि जमुनेची पाठ धरायला गोदाबाईही आत बसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाळ झालं. रडलंही खणखणीत. पण जमुनेचा रक्तस्राव थांबेना. बिस्मिल्लाबीचे दोन्ही हात गुंतलेले, लक्ष सारं जमुनेच्या उतरलेल्या चेहऱ्यावर. दाराबाहेरून पार्वताबाईंनी हाक दिली, "काय झालं व?"

तिनं मान न वळवता ओरडून सांगितलं, "लेकरू आला! चांगला हाय!"

पुढचा तास-दीड तास ती आणि गोदाबाई जमुनेला मरणाच्या दारातून ओढून धरून होत्या. बाहेर बंदुकीचा बार उडाला. पाठोपाठ दुसरा. मग ढोल. गोदाबाई म्हणाली, "हे कायचं व?" बिस्मिल्लाबीलाही नवल वाटलं. नाळ कापून तिनं मुलीला कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. तिच्या मनात आलं, काय दिलदार माणसं आहेत ही, पोरीसाठीसुद्धा बार उडवतात! आमच्या एलिचपुरात असं कधी पाहिलं नाही.

जमुनेचा धोका टळला तेव्हा तिनं दार उघडलं. पार्वताबाई नवी कोरी लुगडी हातावर घेऊन हसत आत आल्या. अंगणात साखर वाटली जात होती. अमरावतीला घोडेस्वार केव्हाच गेला होता. त्यांनी बाळाला उचललं, कपडा बाजूला केला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हे तं पोट्टी हाय."

"हो बाई," बिस्मिल्लाबी हसून म्हणाली. "चांद सरीखी हाय."

"पोट्टा कोठी हाय?"

बिस्मिल्लाबीला प्रश्नच कळला नाही. पार्वताबाईंचा आवाज चढला. "तुनं म्हटलं लेकरू आला. म्या माह्या कानानं आयकलं. आला म्हटलं! मंग हे पोट्टी कोठून आली? माहा नातू कोठी नेला?"

हां हां म्हणता गोष्ट अंगणात गेली. पिंजारणीनं बाळ बदललं, असं कोणीतरी बोललंसुद्धा. ढोल थांबला. खुशालराव ओट्यावर येऊन बसले आणि बिस्मिल्लाबीला बाहेर बोलावलं. तिच्या हातांवरचं रक्त अजून वाळायचं होतं. कशासाठी बोलावलं हेही तिला नीट उमगलं नव्हतं, पण सगळे आपल्याकडं कसे बघताहेत ते दिसत होतं.

गोदाबाई मागोमाग बाहेर आली. "मालक, मी आतच होतो. पोट्टीच झाली."

"तू तिची शेजारीन," पार्वताबाई म्हणाल्या. "तू तं तिच्याच बाजूनं बोलशीन."

गोदाबाईनं अंगणभर नजर फिरवली. मग तिला काय सुचलं कोण जाणे. "मालक, मले दोन गोष्टी इचारू द्या हिले. तुमीच आयका." खुशालरावांनी मान हलवली. गोदाबाईनं बिस्मिल्लाबीचा दंड धरला. "बिस्मिल्ला, या रांजनातलं पानी कसं हाय व?"

"थंडा हाय."

"न हे घर?"

"मोठा हाय," बिस्मिल्लाबी भीत भीत म्हणाली. आपण घराला नाव ठेवलं असं मालकांना वाटू नये म्हणून पुढं म्हणाली, "लय मोठा, लय चांगला."

गर्दीत दोघी-तिघी हसल्या. गोदाबाईनं गोठ्याकडं बोट केलं. गायीखाली चार दिवसांचं वासरू ढुशा देत होतं.

"ते वासरू काय करून राहिलं, सांग."

"दूध पिऊन राहिला."

"कोन पिऊन राहिला?"

"वासरू. वासरू पिऊन राहिला."

"गोऱ्हा होय का कालवड?"

"कालवड," बिस्मिल्लाबी म्हणाली. इतकं साधं विचारतात याचंच तिला आश्चर्य वाटलं. "तुले दिसत नाही का?"

"पाहा मालक!" गोदाबाई ओट्याकडं वळली. "डोयापुढं कालवड हाय, कालवड हाय हे तिले ठाऊक हाय, तरी हे पिऊन राहिला म्हनते. तिच्या बोलीत असंच हाय. तिच्या आला म्हटल्यानं पोट्टा येत नाही न आली म्हटल्यानं पोट्टी येत नाही."

सारं अंगण हसलं. आतून जमुनेचा क्षीण आवाज आला, "मामंजी, म्या पायलं न माह्या डोयानं. पोट्टीच होती. तिले काही बोलू नका. तिच्यानंच मी जितं हावो."

खुशालरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग उठले. "बार उडाले ते उडाले. ते काही परत नळीत जात नाहीत. नातीच्या नावानं उडाले समजा." जाता जाता म्हणाले, "नाव शकुन ठेवा."

अशा रीतीनं शकुनसाठी बंदुकीचे दोन बार उडाले. आसपासच्या गावांत मुलीसाठी असं आधी घडलं नव्हतं. तिकडं अमरावतीच्या बाजारात भगवंतरावानं अख्ख्या कापूसमंडईला साखर वाटली होती. त्यानंतर पंधरा दिवस तो अमरावतीला फिरकला नाही. जो भेटेल तो मुलगा कसा आहे म्हणून विचारणार!

बिस्मिल्लाबीवरचा आळ गेला, पण हसू मागं राहिलं. घरी येऊन ती चुलीपुढं बसली आणि किती वेळ उठली नाही. आळाचं तिला तितकं वाटलं नव्हतं. आपण सात वर्षं रोज बोलत होतो आणि सात वर्षं रोज चुकत होतो, हे तिला त्या हसण्यातून कळलं होतं. त्यानंतर ती बाळंतपणाला जाई, पण तोंड उघडत नसे. बाळ झालं की दार उघडून नुसतं बोट दाखवी. पाटलांच्या घरून तिला बोलावणं येईना. पार्वताबाई वाटेत दिसल्या तर पदर सावरून बाजूनं निघून जात.

गोदाबाईला हे मुकेपण सोसवेना. एके सकाळी ती तिला वेचणीला शेतात घेऊन गेली. दोघी शेजारशेजारच्या तासांनी, म्हणजे कपाशीच्या ओळींनी, वेचत निघाल्या.

"हे पाहाय," गोदाबाई म्हणाली, "पोट्टा आला, पोट्टी आली. अन् लेकरू आलं. घर मोठं. पानी थंडं. काही गोष्टी देवानं मंधातच सोडल्या, ना इकडं ना तिकडं."

"कोन्त्या सोडल्या ते कसं समजते?"

"आमाले समजते."

"कसं?"

गोदाबाई बोंडाला हात लावून थांबली. कपाळाला आठ्या घालून तिनं विचार केला. 'माणूस' आठवला, 'झाड' आठवलं, 'पाखरू' आठवलं. असं का, हे तिला एकाचंही सांगता येईना. जन्मभर ज्या वाटेनं चाललो तिथले दगड कधी मोजले नव्हते, तसं तिचं झालं. शेवटी म्हणाली, "नाही व सांगता येत. आमी कोठी शिकलो? मायच्या दुधासंगं आलं."

"माह्या मायच्या दुधात दोनच होते," बिस्मिल्लाबी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"मंग असं कर. बाकीच्या जाऊ दे. घर मोठा म्हन, पानी थंडा म्हन, कोनाचं काय जाते? एकच शिक. लेकरू आलं."

त्या दिवशी ओटीत एकेक बोंड टाकताना बिस्मिल्लाबी पुटपुटत होती, "लेकरू आलं, लेकरू आलं." पलीकडच्या तासावरून गोदाबाई मधूनच ओरडायची, "काय आलं?" आणि ती उत्तर द्यायची. संध्याकाळी गाठोडं बांधताना तिची जीभ वळली. त्यात व्याकरण काहीच नव्हतं. नुसती दोन शब्दांची एक जोडी तिनं बांधून घेतली होती, ताईत बांधावा तशी. तसलंच 'पाखरू' मात्र तिच्या तोंडी अजून 'उडाला'च राहिलं.

घरी तिनं कुर्बानला ते म्हणून दाखवलं. कुर्बान पिंजणीची तात ताणत म्हणाला, "इत्ता कायकू सोचती? बच्चा नै तो बच्ची. बस."

"दोनों के पैले बी कुछ तो रैता," ती म्हणाली. "अपने में उसकू नामच नै."

मग ती पुन्हा बोलू लागली. बाळ झालं की दाराशी येऊन सांगायची, "लेकरू आलं. माय बरी हाय." एवढं सांगून आत जायची. बाहेरचे कान टवकारून उभे. पण 'आलं'मधून त्यांना काही काढता येत नसे. तेवढ्या वेळात बाळंतिणीला कोमट पाणी मिळे, दोन घोट तूप मिळे, अंग पुसून होई. मुलगी झाली म्हणून तोंडं पडायची असतील तर ती पडायच्या आत बाई निदान डोळे मिटून पडलेली असे. बिस्मिल्लाबीला तो शब्द आवडायला लागला. तिनं तो जितका ताणता येईल तितका ताणला.

पासष्ट सालात लढाई संपली, आणि कापसाचा भाव पावसात भिजलेल्या पिठासारखा बसला. चांदीची टोपणं बैलांच्या शिंगांवरून उतरली. ढोल वाजवायला आता कारण लागायचं. तिसऱ्या वर्षी जमुनेला पुन्हा दिवस गेले. त्यासाठी पार्वताबाईंनी अमरावतीहून एक सुईण आणून ठेवली होती. पण कळा लागल्या तशी जमुनेनं त्या सुईणीला जवळ येऊ दिलं नाही. सकाळच्या उन्हात पार्वताबाई स्वतः पिंजाऱ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चाल," त्या म्हणाल्या.

बिस्मिल्लाबी उठली नाही. "मले बराबर बोलता येत नाही, बाई."

"बोलाले कोन बोलावून राहिलं?" पार्वताबाई म्हणाल्या. "तुह्या हातायले बोलावून राहिलो."

ती गेली. या वेळी सारं सुरळीत झालं. दाराशी येऊन तिनं सांगितलं, "लेकरू आलं."

'माय बरी हाय' ती म्हणायच्या आतच पार्वताबाईंनी विचारलं, "जमुना कशी हाय?"

बिस्मिल्लाबी दारातच थबकली. इतक्या वर्षांत, इतक्या दारांशी, हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला होता. "बरी हाय," ती म्हणाली. "चांगली हाय. निजली." सगळं उरकून ती बाहेर आली, तेव्हा पार्वताबाईंनी तांब्यानं तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, ती पिऊन होईपर्यंत वाट बघितली, आणि मग म्हणाल्या, "सांग आता."

"पोट्टी हाय."

पार्वताबाईंनी गोठ्याकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. "असू दे. शकुनले सोबत झाली." बार उडाला नाही. गुळाचा खडा मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं बिस्मिल्लाबीच्या ओंजळीत टाकला.

त्यानंतर शकुन रोज पिंजाऱ्याच्या घरी खेळायला येऊ लागली. नुकतं घडाघडा बोलू लागलेलं पोर. दिवसभर बिस्मिल्लाबीच्या मांडीवर, कापसाच्या ढिगात. महिन्याभरात ती घरी जाऊन सांगायला लागली, "आजी, पाखरू उडाला! आजी, आपला घर मोठा!" पार्वताबाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "हे काय शिकवून राहिली व पोरीले?" बिस्मिल्लाबी लाजायची. गोदाबाईला मात्र हसू आवरायचं नाही. भाव पडलेले, हाती काही नसलेले ते दिवस. तरी पुढं कधी विचारलं तर बिस्मिल्लाबी सांगायची की तेच सगळ्यात गोड होते.

एकोणसत्तर साली गावात पटकी आली. गोदाबाई सकाळी आजारी पडली आणि दिवस मावळायच्या आत गेली. बायका जमल्या. बिस्मिल्लाबी जरा अलीकडं, कुंपणाजवळ बसून होती. कोणी तरी तिला पुढं ओढलं. तिनं गोदाबाईच्या पायांना हात लावला आणि तिच्या तोंडून निघालं, "बिचारं गेलं व. मले टाकून गेलं."

वऱ्हाडात फार जिवाच्या माणसाबद्दल असंच बोलतात, 'ते आलं, ते गेलं' म्हणून. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. रडणाऱ्या बायकांत कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. तिच्या स्वतःच्याही ध्यानात आलं ते दोन दिवसांनी, भाकरी थापताना. तिनं कुंपणाकडं बघितलं. सांगायला पलीकडं कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माळ्याच्या घरून बोलावणं आलं. कुर्बान म्हणाला, आज नको जाऊ. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, कोरे कपडे काखेत मारले आणि निघाली. मळ्याची वाट लांबची होती, आणि माळ्याची सून सकाळपासून अडलेली होती.